पोऱ्याच्या हातातलं चित्र : जपानी ठसाचित्रांतली नीती नेमकी कोणासाठी होती?

जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा चलनात आणल्या. हजार येनच्या नोटेच्या मागच्या बाजूला चित्रकार होकुसाईची लाट आहे. तीच, जी आपल्याकडे टी-शर्टवर, मोबाइलच्या कव्हरवर आणि कॅफेंच्या भिंतींवर दिसते. दहा हजार येनच्या नोटेवर शिबुसावा एइची आले. धंदा आणि नीती एकत्र नांदू शकतात, हे जन्मभर सांगत राहिलेले उद्योजक. पुढच्याच वर्षी एनएचके वाहिनीवर अठराव्या शतकातल्या त्सुताया जूझाबुरो या प्रकाशकाच्या आयुष्यावर वर्षभर मालिका चालली. साहजिकच जुन्या जपानी छापील चित्रांवर लिहिणं-बोलणं वाढलं. त्यात मधूनच एक विधान भेटतं, की ही चित्रं दुकानात काम शिकणाऱ्या पोरांना सद्वर्तनाचे धडे देण्यासाठीही छापली जात.

ज्याने ही चित्रं थोडीफार पाहिली आहेत तो इथे अडखळतो. रंगभूमीवरचे नट, नटूनथटून बसलेल्या गणिका, सुमो पैलवान, भुतंखेतं. यात नीती कुठून आली?

आली, हे खरं. पण तिच्यामागे निदान तिघांचे हिशेब होते : पोराला ठेवून घेणारा मालक, चित्रावर शिक्का मारणारं सरकार आणि चित्र विकून पोट भरणारा प्रकाशक. हे तीन हिशेब वेगळे करून पाहिले की त्या विधानात किती तथ्य आहे ते कळतं.

आधी हे चित्र कसं बनायचं ते पाहू

सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचा, म्हणजे १६०३ ते १८६८ हा काळ 'एदो काळ' म्हणून ओळखला जातो. एदो म्हणजे आजचं टोकियो. राज्य तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांचं, म्हणजे लष्करी सत्ताधीशांचं. या काळात शहरी बाजारासाठी लाकडी ठशांवरून जी चित्रं छापली गेली त्यांना 'उकियो-ए' म्हणतात. आपण सरळ ठसाचित्रं म्हणू.

चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करायचा. तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरणाऱ्याने कागदासकट लाकूड कोरायचं. रेघा तेवढ्या उठून राहायच्या, बाकीचं खोल जायचं. ही झाली काळ्या रेषांची फळी. मग प्रत्येक रंगाला वेगळी फळी. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या एका कोपऱ्यात आणि एका कडेला दोन खाचा. छापणारा फळीवर रंग लावून वर कागद ठेवायचा आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या गोल चकतीने पाठीमागून घासायचा. यंत्र नाही, दाब सगळा हाताचा. अनेक रंगांत अशी चित्रं छापण्याची पद्धत १७६५ मध्ये सुझुकी हारुनोबूच्या चित्रांपासून रुळली.

यातली एक गोष्ट आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची. मजकूर आणि चित्र एकाच फळीवर कोरलं जाई. सुटे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायची भानगड नसल्यामुळे अक्षरं कुठेही घुसू शकत : माणसाच्या डोक्यावर, खांबाच्या बाजूला, किमोनोच्या घडीशेजारी. त्यामुळे उपदेश चित्राखाली ओळीत उभा नसायचा, तो चित्रातच मिसळलेला असायचा. वाचता न येणाऱ्याला चित्र दिसे, अर्धवट वाचता येणाऱ्याला चित्र अडलेली अक्षरं सोडवून देई.

दुसरी गोष्ट किमतीची. एक रंगीत चित्र सोळा-वीस मोन या नाण्यांना मिळायचं आणि सोबा शेवयांचा एक वाडगाही सोळा मोनलाच. संग्रहालयातल्या काचेमुळे आज वाटतं तसं हे मौल्यवान प्रकरण नव्हतं. रस्त्यावरच्या दुकानात दोरीला लटकवून विकायचा माल होता तो.

हा पोऱ्या कोण?

क्योतो-ओसाकाकडे त्याला 'देच्ची' म्हणत, एदोत 'कोझो'. वय दहा-अकरा. गावाकडचा, बहुतेकदा धाकटा मुलगा. व्यापारी पेढीवर तो राहायला यायचा. पगार नाही. जेवण, झोपायला जागा आणि वर्षातून दोनदा कपडे. मालक त्याला नवं नावही द्यायचा आणि दुकानात तेच चालायचं. काम म्हणजे झाडलोट, निरोप पोचवणं, मालकाच्या मागे गाठोडं घेऊन चालणं. रात्री दुकान बंद झालं की वरचे गुमास्ते त्याला अक्षरं आणि सोरोबान, म्हणजे मण्यांची गणनपाटी शिकवायचे.

पुढची शिडी ठरलेली असे. पोऱ्याचा गुमास्ता, गुमास्त्याचा दिवाणजी, आणि नशीब फळफळलं तर मालक स्वतःच्या दुकानाचं नाव वापरायची परवानगी आणि थोडं भांडवल देऊन वेगळं दुकान काढून द्यायचा. तिथपर्यंत पोचणारे थोडे. मधेच आजारी पडून, पळून जाऊन किंवा काढून टाकल्यामुळे गळणारे बरेच. एदोतल्या मोठ्या कापड पेढ्यांपैकी अनेकांची मूळ घरं इसे, ओमी किंवा क्योतोकडची होती आणि पोरंही तिकडूनच आणली जात. अशा पोराला घरी पहिली फेरी मारायला मिळायची ती काही वर्षं उलटल्यावर.

आता मालकाच्या जागी बसून विचार करा. गल्ल्याजवळ, मालाच्या कोठीत, उधारीच्या वह्यांजवळ रात्रंदिवस वावरणारी ही परकी पोरं. एदोच्या वेशीबाहेर योशिवारा हा गणिकांचा परवानाधारक मोहल्ला. जुगार सगळीकडे. आणि १७४२ च्या शोगुनी कायद्यात दहा र्‍यो (सोन्याची नाणी) किंवा त्याहून जास्त रकमेच्या चोरीला देहदंड. पोरगा बिघडला तर पेढी बुडेल आणि पोराचं डोकंही जाईल. नीती शिकवण्याची घाई मालकाला का होती ते इथे कळतं.

उपदेश लिहिला कोणी?

सरधोपट उत्तर : कन्फ्युशियसच्या परंपरेने. ते चूक नाही, पण पोऱ्यापर्यंत ती परंपरा पोचली एका माजी पोऱ्यामुळे. इशिदा बाइगान (१६८५–१७४४) तांबा प्रांतातल्या शेतकऱ्याचा मुलगा. अकराव्या वर्षी क्योतोच्या एका व्यापाऱ्याकडे गेला, काही वर्षांनी घरी परतला, तेविशीत पुन्हा एका कापड पेढीवर लागला. सामुराई व्यापाऱ्याला समाजाच्या तळाशी ठेवत. नफा म्हणजे लबाडी अशी समजूत. बाइगानने उलट विचारलं, की सामुराईला धन्याकडून वेतन मिळतं, मग व्यापाऱ्याचा रास्त नफा म्हणजे त्याचं वेतनच नाही का? १७२९ मध्ये त्याने क्योतोतल्या आपल्या घरी व्याख्यानं सुरू केली. फी नाही, ओळखपाळख लागत नाही, बायकांनीही यावं. या शिकवणीला 'शिंगाकु', मनाचा अभ्यास, असं नाव पडलं. प्रामाणिकपणा, काटकसर आणि कष्ट ही तिची त्रिसूत्री.

बाइगानचा शिष्य तेशिमा तोआन याने दोन गोष्टी केल्या. मुलांसाठी वेगळी व्याख्यानं सुरू केली आणि उपदेशाचे एकपानी कागद छापून फुकट वाटायला सुरुवात केली. 'पोऱ्यांना नीती शिकवणारी ठसाचित्रं' या वर्णनात चपखल बसेल असा प्रकार कोणता, असं विचाराल तर मी या फुकट पानांकडे बोट दाखवेन. सोपी भाषा, छोटे श्लोकासारखे चरण, जोडीला साधं चित्र. सकाळी लवकर ऊठ, खोटं बोलू नको, आईवडिलांना आणि धन्याला मान दे. कलेच्या पुस्तकांत त्यांना जागा मिळत नाही, कारण दिसायला ती फार साधी आहेत.

याशिवाय लिहायला शिकण्याचे कित्ते होते. १६९४ मध्ये निघालेला 'शोबाइ ओराइ' हा व्यापारी मुलांचा कित्ता पुढे दीडशे-दोनशे वर्षं छापला जात राहिला. त्यात वह्यांची नावं, नाण्यांचे प्रकार, धान्य, कापड, औषधं, भांडी असे शेकडो शब्द ओळीने येतात आणि शेवटी उपदेश : गाणंबजावणं, मेजवान्या, ऐपतीबाहेरची घरं-बागा यांच्या नादी लागू नकोस, गिऱ्हाइकाशी नम्र राहा, अवाजवी नफा घेऊ नकोस, वर आकाशाचं लक्ष आहे. शब्द गिरवता गिरवता उपदेशही हातात बसायचा. ही युक्ती मला त्यातल्या उपदेशापेक्षा हुशार वाटते.

पण उपदेश विकत कोण घेणार?

फुकट पान वाटणं वेगळं आणि पोराने खिशातले पैसे काढून विकत घेणं वेगळं. प्रकाशकाची गोची इथेच होती, आणि ती १७९० मध्ये एका लेखकाने इतकी झकास सोडवली की तिथे जरा थांबायला हवं.

सांतो क्योदेन. जन्म १७६१, एदोतला, गहाणवट ठेवणाऱ्या सावकाराचा मुलगा. चित्रकारही, लेखकही आणि योशिवाराच्या गल्ल्यांचा जाणकार. १७९० मध्येच त्याने तिथल्या एका गणिकेशी लग्न केलं. त्याच वर्षी त्याचं 'शिंगाकु हायासोमेगुसा' हे छोटं सचित्र पुस्तक निघालं, चित्रं किताओ मासायोशीची. काळ कडक होता. मात्सुदाइरा सादानोबू हा शोगुनचा मुख्य मंत्री काटकसर आणि शिस्तीचे हुकूम काढत होता आणि त्याच वर्षी प्रकाशनांवर सेन्सॉरची पकड आवळली गेली. 'तपासलं' अशा अर्थाचा छोटा गोल शिक्का चित्रांवर दिसायला लागतो तो तेव्हापासून. शिंगाकुची फॅशनही तेव्हाच एदोत होती. बाइगानच्या परंपरेतला नाकाझावा दोनी तिथे व्याख्यानं गाजवत होता.

गोष्ट अशी. एका व्यापाऱ्याच्या घरी रितारो नावाचा मुलगा जन्मतो. जन्मतानाच एक वाईट जीव त्याच्या शरीरात शिरू पाहतो, पण आकाशाचा देव त्याचा हात पिरगाळून त्याला हटवतो आणि चांगल्या जिवाला आत सोडतो. पोरगा गुणी निघतो. लवकर उठतो, हिशेब चोख ठेवतो. अठराव्या वर्षी एका दुपारी त्याला डुलकी लागते. वाईट जीव ही संधी साधतात, चांगल्या जिवाला दोरीने बांधून टाकतात आणि रितारोच्या शरीराचा ताबा घेतात. पाय वळतात ते योशिवाराकडे.

मासायोशीने हे जीव काढले कसे, ते पाहण्यासारखं आहे. उघडी अंगं, कमरेला लंगोटी, चपळ हातपाय आणि डोक्याच्या जागी पांढरं गोल वर्तुळ. नाक-डोळे काही नाहीत. वर्तुळात एकच अक्षर, 'चांगला' किंवा 'वाईट'. एका चित्रात रितारो मध्ये उभा आहे. एकीकडून चांगले जीव त्याला घराकडे ओढताहेत, दुसरीकडून वाईट जीव मोहल्ल्याकडे. त्याचे कपडे ताणले गेलेत, तोल जातोय. दोन अक्षरं ओळखता आली की चित्र समजलं, आणि ही दोन अक्षरं पोऱ्यालाही येत.

पुढे वाईट जीव चांगल्याला ठारच करतात. त्याची बायको आणि दोन मुलं, म्हणजे तेही चांगले जीवच, देशोधडीला लागतात. रितारो दारुडा, जुगारी आणि शेवटी चोर होतो. एका रात्री तो एका गुरुजींना लुटायला जातो आणि त्यांच्याच हाती सापडतो. हे गुरुजी म्हणजे नाकाझावा दोनींवर बेतलेलं पात्र, नाव थोडं बदललेलं. ते त्याला समजावतात, रितारो सुधारतो, चांगल्या जिवाची दोन मुलं बापाच्या खुनाचा सूड घेतात आणि आपली जागा परत मिळवतात.

पुस्तक तुफान चाललं. क्योदेनने पुढे आणखी दोन भाग काढले, नंतर बाकिन या लेखकानेही एक लिहिला. पण लोकांनी उचललं काय? वाईट जीव! १८१५ मध्ये होकुसाईने घरबसल्या नाच शिकण्याचं एक सचित्र पुस्तक काढलं. त्यात पावलं रेघांनी दाखवली आहेत आणि एक नाच या वाईट जिवांचा आहे. १८३२ मध्ये काबुकी रंगभूमीवर त्यांचा नाच आला आणि तो आजही सादर होतो. रितारोच्या पश्चात्तापावर कोणी नाच बसवला नाही.

म्हणजे नीती नुसती पांघरूण म्हणून होती?

हा आक्षेप येणारच आणि तो निम्मा बरोबर आहे. १७९१ मध्ये, म्हणजे हे नीतीचं पुस्तक गाजत असताना, क्योदेनने योशिवारावरची तीन पुस्तकं काढली. सरकारने त्याला ५० दिवस हातकड्या घालून घरात बसवलं आणि त्याचा प्रकाशक, मालिकेतला तो त्सुताया, याची निम्मी मालमत्ता जप्त केली. त्या तीन पुस्तकांवर 'उपदेशपर वाचन' असा शेरा होता. सरकार फसलं नाही.

उतामारो या चित्रकाराने सुमारे १८०२ मध्ये पालकांसाठी उपदेशाची एक चित्रमाला केली. शीर्षक चष्म्याच्या आकारात. आईबापांनी हा चष्मा लावून मुलीकडे नीट पाहावं, हा भाव. त्यातल्या एका चित्रात वाया गेलेली म्हणून दाखवलेली तरुणी एका हातात काचेचा प्याला उंचावून पितेय आणि दुसऱ्या हातात खेकडा. वरचा मजकूर संस्कारांवर प्रवचन देतो, पण खालची बाई इतकी मजेत आहे की प्रवचन कोण वाचतं!

तरीही सगळं ढोंग म्हणून सोडून देणं मला पटत नाही. क्योदेनने नंतर एदोत तंबाखूच्या बटव्यांचं स्वतःचं दुकान थाटलं आणि ते नीट चालवलं. गिऱ्हाइकाचा विश्वास, वेळेवर देणी, हिशेब या गोष्टींवर त्याचा भरवसा असणार. माणूस योशिवारात रमतो आणि चोख हिशेबही ठेवतो. एदोतल्या दुकानदारांना यात विसंगती वाटत नव्हती.

सरकारने हुकूम काढल्यावर काय झालं?

खरी कसोटी १८४२ ची. पुन्हा काटकसरीची लाट, पुन्हा कडक मंत्री. या वेळी नट आणि गणिका यांची चित्रं काढायला सरळ बंदी. त्याऐवजी निष्ठा, मातृपितृभक्ती आणि पातिव्रत्य यांवर, बायका-मुलांना बोध होईल अशी चित्रं काढा, असा आदेश. रंगांच्या छपायांवर मर्यादा आली आणि किंमत सोळा मोनच्या वर नको असंही ठरलं. नीतीची चित्रं 'मुलांसाठी' असल्याचा जो सर्वात ठळक पुरावा आपल्याला आज दिसतो, तो बराचसा या हुकुमाच्या आसपासचा आहे.

प्रकाशकांनी मग चीनमधून आलेल्या चोवीस आज्ञाधारक मुलांच्या कथा पुन्हा बाहेर काढल्या. कुनियोशी या चित्रकाराने त्यांवर एकाहून जास्त चित्रमाला केल्या, त्यातली एक मुलांसाठी 'आरसा' या नावाची. एका चित्रात शुन नावाचा सद्गुणी तरुण शेतात आहे आणि त्याच्या भक्तीवर प्रसन्न होऊन हत्ती त्याचं शेत नांगरताहेत, पक्षी तण उपटताहेत. दुसरा मुलगा सावत्र आईला मासा हवा म्हणून गोठलेल्या नदीवर उघडा झोपतो. तिसरा, क्वो च्यू, गरिबीत म्हाताऱ्या आईला पुरेसं खायला मिळावं म्हणून पोटच्या पोराला पुरायला निघतो आणि खड्डा खणताना त्याला सोन्याचं मडकं सापडतं. कुनियोशीने यातल्या काही चित्रांत युरोपीय कोरीव चित्रांसारख्या छटा आणि सावल्या वापरल्या. विषय सरकारच्या पसंतीचा, हौस मात्र स्वतःची.

क्वो च्यूची गोष्ट वाचून तुमच्या कपाळावर आठी आली असेल, तर तशी ती जपान्यांच्याही आली होती. साइकाकू या ओसाकाच्या लेखकाने १६८६ मध्येच नाठाळ मुलांच्या वीस कथा लिहून या भक्तिकथांची टर उडवली होती. १८७० च्या दशकात विचारवंत फुकुझावा युकिचींनी लिहिलं, की अशा पुस्तकांतल्या दहांपैकी आठ-नऊ गोष्टी एक तर अशक्य आहेत, मूर्खपणाच्या आहेत किंवा सरळ अन्यायाच्या आहेत. आईसाठी पोर पुरणं हे कसलं पुण्य? शिबुसावांच्या आधी चाळीस वर्षं दहा हजारांच्या नोटेवर होते ते हेच फुकुझावा.

पोरांना खरंच आवडायचं ते काय?

खेळ. घडी घालता येणारा मोठा छापील कागद, त्यावर घरं आणि एक फासा. याला सुगोरोकु म्हणत. आपल्या मोक्षपटाची आठवण होईल असा हा प्रकार, आणि जुन्या धार्मिक सुगोरोकुत तर साम्य चकित करणारं आहे. फाशावर ठिपक्यांऐवजी बौद्ध नामजपाची अक्षरं, तळाशी नरक, वरती स्वर्ग आणि एक घर असं की तिथे पडलात तर खेळातून कायमचे बाद. मोक्षपटात सापाने गिळलं तरी खाली उतरून पुन्हा खेळता येतं. इथे तीही सोय नाही.

पुढे स्वर्गाच्या जागी बढती आली. 'उत्कर्षाचा सुगोरोकु' या प्रकारात पोऱ्यापासून सुरुवात आणि शेवटच्या घरात मोठी पेढी, भरलेलं कोठार, प्रसन्न म्हातारा. वाटेत जुगार, आळस, दारू अशी मागे ढकलणारी घरं. नवीन वर्षात घरोघर हे खेळ चालायचे. यातला धडा उघड आहे, तरी एक बारकी फट राहते : बढती मिळते ती फाशामुळे. सद्गुणाने वर जाता येतं असं कागद सांगतो आणि नशिबाने जाता येतं असं फासा सांगतो. पेढीवर दोन वर्षं काढलेल्या पोराला यातलं कोणतं पटत असेल, याचा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

पोऱ्यांना सुट्टी वर्षातून दोनदाच, पहिल्या आणि सातव्या महिन्याच्या सोळाव्या दिवशी. नवे कपडे, हातात थोडे पैसे. ज्यांचं घर जवळ ते घरी, बाकीचे शहरात. आणि नेमका तोच दिवस एन्मा देवाचा. एन्मा म्हणजे बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमार्गे तिथे पोचलेला आपला यमराज. त्या दिवशी नरकाच्या कढईचं झाकण उघडतं आणि यमदूतांनाही रजा असते, अशी समजूत. मंदिरांत एन्माच्या मूर्ती आणि नरकाची चित्रं दर्शनाला खुली असायची. सुट्टीच्या दिवशी पोरं मिठाई खायची, खेळ पाहायची आणि खोटं बोलणाऱ्याची जीभ चिमट्याने कशी ओढतात तेही पाहून यायची. जत्राच ती.

ही नीती मालकाच्या सोयीची नव्हती का?

होतीच. धन्याशी निष्ठा, मुकाट्याने कष्ट, भूक लागली तरी धीर. यात धन्याने पोराशी कसं वागावं हे फारच थोडं येतं. बाइगान मालकांनाही काटकसर आणि प्रामाणिकपणा सांगत होता, हे त्याच्या बाजूने म्हणायला हवं. पण फुकटच्या पानांवर आणि खेळांच्या घरांत येता येता मालकाचा भाग गळून गेला.

याहून मला टोचते ती दुसरी गोष्ट. ही चित्रं छापणारेही पोऱ्येच होते. कोरणाऱ्यांच्या आणि छापणाऱ्यांच्या कारखान्यांत दहा-बारा वर्षांची पोरं उमेदवारी करायची आणि तयार व्हायला दहाएक वर्षं लागायची. चेहरा आणि केसांच्या मुळांशी असलेल्या केसाएवढ्या रेषा उस्ताद कोरायचा. कपडे, पार्श्वभूमी, मजकूर शिकाऊंकडे. होकुसाई स्वतः चौदा-पंधराव्या वर्षी असाच एका कोरणाऱ्याकडे होता. १७७५ च्या सुमारास निघालेल्या एका पुस्तकाची शेवटची काही पानं त्याने कोरली. ते पुस्तक होतं गणिकांच्या मोहल्ल्यातल्या करमणुकीवरचं! पोराने कशापासून दूर राहावं याचा तपशील उलट्या अक्षरांत, ओळीओळीने, पोरगाच लाकडात खणत होता.

मग याचा उपयोग झाला का?

मोजपट्टी लावून सांगता येणार नाही. पेढ्यांच्या नियमावल्या मात्र बोलक्या आहेत. जुगार नको, मोहल्ल्यात जाणं नको, गिऱ्हाइकाशी उर्मटपणा नको, रात्री परवानगीशिवाय बाहेर नको, हे पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा पुन्हा लिहिलं गेलं. पोरं ऐकत असती तर इतकं लिहावं लागलं नसतं.

अक्षरओळख मात्र नक्की झाली. कित्ते, खेळ, चित्रकथा यांच्या नादाने शहरातली सामान्य पोरं वाचायला लागली. नीती शिकवायच्या नावाखाली छापलेल्या कागदांचा हा सर्वात ठोस परिणाम असावा, असं माझं मत.

सामुराई गेले, चित्रं राहिली

१८६८ मध्ये शोगुन गेला. १८७२ मध्ये नवा शिक्षणकायदा आला आणि पुढच्याच वर्षी खुद्द शिक्षण मंत्रालयाने मुलांसाठी घरी वापरायची ठसाचित्रं काढली. चितारी जुन्याच परंपरेतले, उतागावा घराण्याचे. एका मालेत सुतार, गवंडी, चटया विणणारे अशा कारागिरांची कामं टप्प्याटप्प्याने. दुसरीत मुलांची वागणूक : अभ्यासू मुलगा, दांडगट मुलगा, गरिबाची टवाळी करणारा, हळव्या मनाचा.

सगळ्यात गमतीदार माला पाश्चात्त्य शोधकांची. इंग्रज लेखक सॅम्युएल स्माइल्सचं स्वावलंबनावरचं पुस्तक १८७१ मध्ये जपानीत आलं आणि खूप वाचलं गेलं. त्यातल्या माणसांना घेऊन ही चित्रं केली. जेम्स वॉट किटलीच्या वाफेकडे टक लावून बसलाय आणि मावशी रागावतेय. आर्कराइटच्या बायकोने वैतागून त्याच्या सूतकताईच्या यंत्राचे नमुने मोडले म्हणून तो तिला घराबाहेर काढतोय. ऑड्युबोनची पक्ष्यांची चित्रं उंदरांनी कुरतडली आहेत. लेखक कार्लाइलचं हस्तलिखित जळतंय आणि शेजारी दिवा पाडणारा कुत्रा. वास्तविक कार्लाइलचं हस्तलिखित जळालं ते मित्राच्या घरी, आणि दिवा पाडणाऱ्या कुत्र्याची दंतकथा न्यूटनची. कुठेतरी दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि तशीच फळीवर कोरली गेली.

आज्ञाधारक मुलाची जागा आता चिवट शोधकाने घेतली. धन्याच्या पायाशी बसण्याऐवजी एकट्याने खपून पुढे ये, असा नवा संदेश. मात्र आर्कराइटची बायको घराबाहेर गेली ती गेलीच, तिच्यासाठी त्या चित्रात काही बोध नाही.

१८८५ ते १८९० या काळात योशितोशी, कियोचिका अशा नामवंत चितारींनी मिळून उच्च ध्येयाच्या व्यक्तींवर आणखी एक मोठी माला केली. त्यानंतर शाळेची पाठ्यपुस्तकं आणि यंत्रावरची स्वस्त छपाई यांनी हा बाजार ताब्यात घेतला. शोधकांची ती चित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोठी करून पाहिली तर कार्लाइलच्या कुत्र्याचे केससुद्धा मोजता येतील इतकी ती स्पष्ट आहेत.